‘पेन्या’वरची लाट

“रेघ ओढताना श्वास सोडायचा. भरायचा नाही. भरला की रेघ फुगते.”

हा आवाज एर्मिन्दाने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. किनाऱ्यावरच्या छपरात रोसामेल एका फळीवर ओणवा होऊन होडीचं नाव रेखत होता आणि ती मिलकाओंची, म्हणजे बटाट्याच्या भाकऱ्यांची, टोपली कडेवर घेऊन दारातच थबकली होती. तो तिच्याशी बोलत नव्हता, स्वतःशीच पुटपुटत होता. पण श्वास तिनेही सोडला. त्याची पेन्सिल फळीभर एकदाच गेली, मागे न वळता, ओहोटी वाळूवर आपली कड ठेवून जाते तशी.

आता ती स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, संगणकापुढे बसली होती. पडद्यावर त्याच माणसाची रेघ होती. पण रेघेवर नुसत्या गाठीच गाठी होत्या.

त्यांची मुलगी यास्ना पुएर्तो मोन्त शहरात असते. तिने गेल्या उन्हाळ्यात फेरीबोटीवरून एक खोकं पाठवलं. त्यात कोरकामाचं छोटं सीएनसी यंत्र होतं. एक चौकट, तिच्यावर मागेपुढे सरकणारं डोकं आणि डोक्यात गरगरणारं पातं. संगणकात चित्र घालायचं, यंत्र ते लाकडात कोरतं.

“बाबांचं काम हलकं होईल,” यास्ना फोनवर म्हणाली.

“तिला सांग, मी शिंपी नाही,” रोसामेल म्हणाला. “मला शिवणयंत्र कशाला पाठवलंय?”

तो यंत्राकडे फिरकलाच नाही. शिकली ती एर्मिन्दा. सगळी हयात तिने आचाओच्या शाळेत पोरांसाठी पातेली ढवळली होती. संगणक तिने मुख्याध्यापकांच्या खोलीत लांबून पाहिलेला. पण लोकर तिच्या बोटांना ठाऊक होती आणि हे सारं लोकरीसारखंच आहे हे तिच्या लवकर लक्षात आलं.

कागदावरच्या अक्षराचा फोनने फोटो काढायचा. संगणक त्या अक्षराच्या कडेने रेघ फिरवतो. ती रेघ म्हणजे धागा आणि धाग्याला जागोजागी गाठी. गाठ धरून ओढली की धागा वळतो, काढून टाकली की सैल होऊन सरळ पडतो. इथवर सोपं होतं. पहिल्याच दिवशी तिने एक गोल ‘ओ’ यंत्राला दिला, तर यंत्र त्याला शिवेचना. पातं हवेत उभं. ती एका अर्जेंटिनी बुवांचे व्हिडिओ बघायची. ते थंडपणे सांगत होते, “उघड्या रेघेला आत नसतं आणि बाहेरही नसतं, मित्रांनो. मग यंत्राने खणायचं कुठे?”

“टाका सुटलाय म्हणजे,” एर्मिन्दा पडद्याला म्हणाली. “मग तसं सांग की.”

तिने ‘ओ’ मोठा मोठा करून पाहिला. जिथे धाग्याची दोन टोकं भेटायला हवी होती, तिथे केसभर फट होती. तिने टोकाला टोक जोडलं आणि यंत्र कामाला लागलं. पुढच्या फळीला एकच रेघ एकावर एक दोनदा पडली होती. पातं त्याच वाटेने दुसऱ्यांदा गेलं, लाकूड काळं पडलं आणि घरामागच्या छपरात धूर झाला. मग तिने वरची रेघ उचलून खालची शोधायची सवय लावून घेतली. एकदा ‘आर’च्या काखेत पातं शिरेना. तिथे कोपरा इतका अरुंद होता की पात्याची जाडी मावत नव्हती. तो तिने जरा मोकळा केला, स्वेटरची काख मोकळी करतात तसा.

पण हे सगळे किरकोळ आजार होते. खरी अडचण रोसामेलच्या रेघेत होती.

त्या घरात या अडचणीचं नाव ‘थंडी’ होतं. रंगाचा डबा हातातून निसटला तेव्हा रोसामेल म्हणाला होता, “गारठलाय हात. चूल नीट पेटव.” तिने चूल पेटवली. नंतर जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातही, त्याचा हात गारठलेलाच राहिला. तो कप दोन्ही हातांनी धरू लागला. ती कप अर्धाच भरू लागली. लोकांत गेला की उजवा हात कोटाच्या खिशात जायचा.

कागदावर मात्र तो अजून रेखत असे. छपराचं दार लावून, एकटा. मग खाकी कागदाची गुंडाळी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकायचा.

“घे. घाल तुझ्या शिंप्याच्या पोटात.”

आणि कागद उलगडायच्या आत बाहेर निघून जायचा.

पहिला कागद एर्मिन्दाने उलगडला. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दातेरी झाल्या होत्या. व्हिडिओवाल्या बुवांनी एक बटण सांगितलं होतं, दाबलं की सगळ्या गाठी एका दमात जातात आणि रेघ गुळगुळीत होते. तिने ते दाबलं, फळी कोरली, रंगवली. रोसामेलने ती हातात घेतली.

“ही अक्षरं कुणाची?”

“तुझीच की.”

“माझी? ही औषधाच्या दुकानावरची आहेत.”

आणि फळी चुलीत गेली. सिप्रेसचं लाकूड, त्याचा गोड वास घरभर झाला. एर्मिन्दा रागावली नाही. त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून ती एकेक गाठ हाताने सोडवू लागली. त्याच्या ‘ए’चा उजवा पाय थोडा बाहेर टाकलेला असे, धक्क्यावर रेलून उभ्या माणसासारखा. ‘एस’ची मान जरा मागे. ‘एल’ खाली येता येता किंचित पोट काढी. ही वळणं रोसामेलची, ती ठेवायची. मधले बारीक दाते त्याचे नव्हते, ते काढायचे. कुणाचे होते, ते नाव ती मनातसुद्धा घेत नसे. एक गाठ काढावी, पाहावं, कधी परत घालावी. कुठे संपतो तो आणि कुठे सुरू होते ती थंडी, हे दरवेळी नव्याने ओळखावं लागे. कधी कधी चूक होई आणि अक्षर परकं दिसू लागे, मग पुन्हा पहिल्या गाठीपासून. हळूहळू रेघ निवे, भरती-ओहोटीच्या मधल्या घटकेला खाडी निवते तशी. आणि पडद्यावर तो छपरातला जवान मेस्त्री उभा राही.

आमच्याकडे बटाटे किसता किसता बायका म्हणतात,

नाव कोरावं सिप्रेसात, रंग भरावा निळा,
वारा वाचतो एकदा, पाणी वाचतं वेळोवेळा.

एर्मिन्दाही गाठी सोडवताना तेच गुणगुणे.

फळ्या होड्यांवर चढल्या तशा लोकांच्या तोंडी झाल्या. “मेस्त्री, या वयात काय रेघ आहे हो! माझा जावई एवढा जवान, पण त्याला धड सहीसुद्धा येत नाही.” रोसामेल म्हणायचा, “लाकूड चांगलं होतं.” पण फळी देण्याआधी तो तिच्यावरून बोट फिरवी. डाव्या हाताचं. फार सावकाश. एर्मिन्दा तेवढा वेळ चुलीकडे तोंड करून उभी राही. त्याला काय वाटतं, आपला हात अजून सरळ चालतो असं? की सगळं कळतं आणि तो गप्प बसतो? हे विचारलं तर त्या बोटाखालचं काहीतरी कायमचं जाईल, एवढं तिला कळत होतं.

जूनमध्ये, भर हिवाळ्यात, गावातला कोळी बेलार्मिनो आला. त्याने नवी होडी बांधली होती आणि कोळ्यांचा संत सान पेद्रो याच्या सणाला बाकीच्या होड्यांबरोबर ती मिरवणुकीत न्यायची होती, पाद्रीच्या हातून तीर्थ शिंपडून घ्यायचं होतं. नाव ठरलेलं होतं, ‘ला पेन्या’. पेन्या म्हणजे कातळ. खाडीच्या तोंडाशी जो एकटा कातळ आहे, त्याला धरून बेलार्मिनोचा बाप होडी उलटल्यावर ओहोटी येईपर्यंत तगला होता. “तो कातळ नसता तर मी नसतो,” बेलार्मिनो प्रत्येकाला सांगे, विचारलेलं नसलं तरी.

रोसामेलने कागद आणून टाकला. या वेळी कागद जुना, डागाळलेला होता. फोटोत माशी बसल्यासारखे ठिपकेच ठिपके आले. ते वेचत बसायला वेळ नव्हता, फळी वाळायची होती, रंगाचे दोन हात द्यायचे होते. व्हिडिओवाल्या बुवांनी त्यावरही उपाय सांगितला होता. मसुराच्या दाण्याहून लहान जे असेल ते सगळं संगणकाला एकदम झाडायला सांगायचं. तिने सांगितलं. पडदा स्वच्छ झाला. मग ती अक्षरांच्या गाठींत बुडाली.

फळी छान उतरली. तिने निळा भरला. रोसामेलने बोट फिरवलं. दोघांनीही नाव वाचलं नाही. पाठ असलेलं नाव कोण वाचतो?

सणाच्या आदल्या सकाळी बेलार्मिनो धुरी देऊन सुकवलेल्या शिंपल्यांच्या मांसाची माळ गळ्यात घालून दारात आला.

“ही तुझ्यासाठी, एर्मिन्दाबाई. दात मजबूत असतील तरच खा. कुठाय माझी नवरी?”

“तुझी नवरी छपरात. पाय पूस आधी.”

तिघं मागच्या छपरात गेली. बेलार्मिनोने फळीवरचं कापड काढलं, ती उचलून उजेडाकडे धरली.

“मेस्त्री,” तो हळू म्हणाला. “हे काय लिहिलंय?”

“तू सांगितलंस ते.”

“मी पेन्या सांगितलं. इथे पेना आहे.”

एर्मिन्दाने पाहिलं. ‘एन’च्या डोक्यावर जी बारीक लाट हवी, जिच्याने स्पॅनिशमध्ये ‘न’चा ‘न्य’ होतो, ती नव्हती. फळी वर कोरी होती. पेना म्हणजे दुःख.

“दुःख!” बेलार्मिनोचा आवाज चढला. “उद्या सगळ्या गावापुढे मी माझ्या होडीवर दुःख लिहून जायचं? पाद्री त्याच्यावर तीर्थ शिंपडणार? माझा बाप थडग्यातून उठेल नि मला बुडवेल!”

“लाट मी काढली होती,” रोसामेल म्हणाला.

“मग गेली कुठे? पोहायला?”

कुठे गेली ते एर्मिन्दाला तिथल्या तिथे कळलं होतं. लाट छोटी आणि एका दमात काढायची. रोसामेलच्या पेन्सिलीखाली ती तुटली असणार, तिचे दोन-तीन तुकडे पडले असणार, आणि एकेक तुकडा मसुराहून लहान. डागांबरोबर तेही झाडले गेले. पण हे सांगायचं तर लाट तुटली का, तेही सांगावं लागलं असतं.

“माझ्याकडून झालं,” ती म्हणाली. “कचरा पुसताना पुसली गेली.”

“मेस्त्रींच्या कागदावर कचरा? दाखव बघू तो कागद.”

“चुलीत गेला.”

“बघा! पन्नास होड्यांवर यांचा हात आहे, एकीचं नाव चुकलं नाही. तुझ्या त्या डबड्याने एका फटक्यात वाट लावली. बाई, राग मानू नकोस, पण तू आपली मिलकाओ कर. ते तुझ्यासारखं कुणाला जमत नाही.”

“रात्रीपर्यंत करून देते,” एर्मिन्दा घाईने म्हणाली. “फळी परत लावते. वर जागा आहे, लाट मावेल. तू जा, संध्याकाळी ये.”

“परत त्या डबड्याखाली? नाही. एवढीशी लाट आहे. मेस्त्री इथल्या इथे मारतील. तुम्हाला काय, डोळे मिटून.” त्याने भिंतीवरची गोल पटाशी काढली आणि तिची मूठ रोसामेलपुढे धरली. “घ्या. मला तर हाताचीच हवी. फुशारकी मारता येईल.”

“आत्ता हात गारठलेत त्याचे,” एर्मिन्दा म्हणाली. “बाहेर बघ केवढा गारठा आहे.”

“मग थांबतो. चुलीपाशी शेकू दे.”

रोसामेल तिच्याकडे बघत होता. तिने मान किंचित हलवली, नको. त्याने खिशातून उजवा हात काढला आणि पटाशी घेतली. फळी टेबलावर होती. तो तिच्यावर ओणवा झाला, पात्याचं टोक ‘एन’च्या वर ठेवलं. छपरात नुसता पावसाचा आवाज होता. मग दुसरा एक आवाज आला. पातं लाकडावर टकटकत होतं, बारीक, थांबेना असं, खिडकीच्या काचेवर पक्षी चोच मारतो तसं.

बेलार्मिनोने आधी पटाशीकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

रोसामेलने पटाशी खाली ठेवली. हात मात्र खिशात घातला नाही. टेबलावर, सगळ्यांच्या समोर, तसाच राहू दिला.

“माझा हात थरथरतो, बेलार्मिनो,” तो म्हणाला. “बरीच वर्षं झाली. थंडीबिंडी काही नाही. मी नुसता खरडून देतो. गेल्या वर्षापासून ज्या ज्या रेघेची तुम्ही तारीफ केलीत, ती माझी नव्हती, हिची होती. तुझी लाट मीच मोडली. ती हवी असेल तर हिच्याकडे माग. आणि नीट माग.”