जरा मोठ्याने बोल

त्याला सगळे साबण म्हणत. एका जाहिरातीत तो मऊ फेसाबद्दल एकच वाक्य बोलला होता, पण ते इतकी वर्षं वाजत राहिलं की माणसाचं खरं नाव त्यात धुऊन गेलं. परदेशी सिनेमांतल्या नटांना आपल्या भाषेतला आवाज द्यायचा, हा त्याचा धंदा. आजवर वाट्याला काय आलं, तर एक बोलका उंदीर, हॉटेलातले वेटर आणि सुरुवातीलाच मरणारे पोलीस. बायको म्हणायची, "तुमचा आवाज ओळखेपर्यंत तुमचा मुडदा पडलेला असतो."

म्हणून या खेपेला खुनी मिळाला, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं.

सिनेमा काउबॉयपटांसारखा उघड्या माळरानावरचा, पण आजच्या काळातला. घोड्यांच्या जागी धुळीने माखलेल्या गाड्या, कमरेला पिस्तूल लावणारा एक थकलेला पोलीसप्रमुख आणि त्याला चकवत फिरणारा खुनी. हा खुनी कधी आवाज चढवायचा नाही. समोरच्याला तो आधी खुर्चीत बसवायचा आणि मग मारायचा.

"ओरडू नका," दिग्दर्शिका बाई काचेपलीकडून म्हणाल्या होत्या. "या माणसाची समोरच्यावर माया आहे, असं बोला."

शेवटच्या प्रसंगात घोडं अडलं. लिहून आलेलं वाक्य पडद्यावरच्या ओठांवर काही केल्या बसेना. नटाचे ओठ पहिल्याच अक्षराला मिटत होते आणि कागदावरच्या वाक्यात ओठ मिटण्यासारखं काही नव्हतं. सगळी सकाळ त्यात गेली. शेवटी साबणाने कागद बाजूला ठेवला आणि आयुष्यात ऐकलेला सगळ्यात मायेचा आवाज आठवला.

तो आवाज वडिलांचा होता. तो लहान असतानाच ते गेले. मागे उरली ती एवढीच आठवण: हा अंथरुणात पडलेला असायचा, पलीकडे स्वयंपाकघराचं दार लागायचं आणि बाबा हळू आवाजात आईला म्हणायचे, "बस. घाबरू नकोस. लगेच होतं." मग रेडिओ मोठा व्हायचा आणि याला झोप लागायची. आईच्या हाताला कधी पट्टी दिसायची, कधी कपाळाला मलम. बाबा तिला औषध लावतात, हे पोराने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

तेच वाक्य त्याच आवाजात तो बोलला. ओठ चपखल बसले. बाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हेच. काटा आला अंगावर."

सिनेमा लागला तसा साबण सगळ्या घराला घेऊन दुपारच्या खेळाला गेला. बायको, मेहुणा, शेजारचे निवृत्त मास्तर आणि आई. आईला न्यावं की नाही, यावरून घरात बराच खल झाला, कारण तिला ऐकू कमी येतं हे जगजाहीर होतं. लेक तिच्याशी हळू बोलला की "जरा मोठ्याने बोल" हे तिचं ठरलेलं उत्तर. त्याने हौसेने आणलेलं कानाचं यंत्र कपाटात पडून होतं, आणि रेडिओवरचं त्याचं एकही नाटक तिने कधी ऐकलं नव्हतं. सूनबाई चेष्टेत म्हणायची, "माझी कुजबुज मात्र आईंना भिंतीपलीकडून पोचते."

सिनेमाभर माणसं खुर्चीच्या कडेवर होती. पुढच्या रांगेतली एक बाई तर तोंडावर ओढणी घेऊनच बसली होती. शेवटी खुनी पोलीसप्रमुखाच्या घरी पोचतो. बायको एकटीच, ओट्याशी उभी. तो खुर्ची ओढतो, तिच्याकडे बघून हसतो आणि म्हणतो, "बस. घाबरू नकोस. लगेच होतं." मग स्वयंपाकघराचं दार आतून लागतं, पडदा काळा होतो आणि नावं सुरू होतात.

सगळं थिएटर गार पडलं. त्या काळोखात एकच माणूस उभं होतं, ते म्हणजे आई. दिवे लागायच्या आत ती पायऱ्या चाचपत बाहेर गेलीसुद्धा.

बाहेर आल्यावर लोकांना कंठ फुटला.

"ही काय रीत झाली?" मेहुणा तावातावाने म्हणाला. "खुनी मोकाट, पोलीस वाटेतच, बाईचं काय झालं ते गुलदस्त्यात! हत्ती दाखवला आणि शेपूट कापून नेलं."

"शेवट अगदी बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "दार लागल्यावर आत काय होतं, हे बघायला कोण जातं?"

ओढणीवाली बाई नवऱ्याला बजावत होती की पुन्हा असल्या सिनेमाला आणलंत तर याद राखा. कोणी म्हणालं थोर, कोणी म्हणालं टुकार. कॉलेजची पोरं एकमेकांना कठड्यावर बसवत "लगेच होतं" म्हणून खिदळत होती. आवाजाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

"मला नाही आवडला," बायको म्हणाली. "आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलू नका. घाबरले मी, खरंच."

साबण फुगून भोपळा झाला होता. ही सगळी दौलत घेऊन तो आईकडे गेला. ती पाण्याच्या नळाशेजारी बाकावर बसली होती, पदर मुठीत घट्ट धरून. त्याला लाडात यायची लहर आली. मागून वाकून, त्याच मायेच्या आवाजात तो तिच्या कानाशी म्हणाला, "घाबरलीस?"

आईचा हात झटकन वर गेला. कोपर डोक्यावर आडवं आलं, मान खाली गेली, डोळे मिटले. इतकं चटकन, की हात विचार करून उचललाच नव्हता.

भोवती एवढा कलकलाट आणि तिला कुजबुज ऐकू आली होती.

आईने हळूच कोपर खाली घेतलं. मागे वळून न बघता तिने विचारलं, "ते वाक्य तुला कुठे सापडलं?"

"बाबा म्हणायचे ना तुला," तो चाचरत म्हणाला. "औषध लावताना."

"औषध माझं मी लावायचे. सकाळी. तू झोपेत असायचास."

"मग बाबा..."

"रेडिओ कशाला मोठा करायचे, याचा कधी विचार केलास?"

तो बाकाच्या टोकाला टेकला. ज्या आवाजावर तो लहानपणी निर्धास्त झोपला होता, तो आज त्याने गावभर ऐकवला होता आणि लोकांनी त्याची वाहवा केली होती.

"कधी ओरडले नाहीत ते," आई म्हणाली. "शेजारणी म्हणायच्या, किती गोड बोलतात गं तुझे हे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला एकच तर आठवण होती त्यांची. तीही काढून घेऊ?" तिने मुठीतला पदर सोडला. "मग तुझा आवाज फुटला. एके दिवशी तू मागून येऊन हळूच 'आई' म्हणालास. तेव्हापासून मला ऐकू येत नाही. मोठ्याने बोलतोस, तेव्हा तो तुझा आवाज असतो."

पलीकडे पोरांचं अजून चालूच होतं. "बस. घाबरू नकोस." मग हशा.

साबण उठला. मघाशी आईच्या मागून आला होता, तो आता समोर आला, तिला नीट दिसेल असा. छातीत श्वास भरला आणि थिएटरच्या पायऱ्यांवरची सगळी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने, फाटक्या, चिरकलेल्या आवाजात तो ओरडला, "आई, घरी जायचं का?"

पोरं गप्प झाली. बायको लगबगीने आली. "अहो, केवढ्याने ओरडताय? लोक बघताहेत."

"ओरडू दे त्याला," आई म्हणाली, आणि उठण्यासाठी तिने हात पुढे केला. "मला ऐकू येतंय."