माझ्या पोटातून जाणारी वाट

मी एक जुनी ऑफिसची इमारत आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. माझे दगड शाबूत आहेत आणि तोंडही.

मला बांधायला घेतलं तेव्हा मागच्या गल्लीची बाजाराकडे जायची वाट नेमकी माझ्या पायात आली. गल्लीतल्या बायका पायाच्या खड्ड्यात उतरून बसल्या, काही केल्या हटेनात. शेवटी गवंड्यांनी माझ्या तळमजल्यातून आरपार कमानीचा बोळ सोडला. तेव्हापासून डोक्यावर साहेबलोक आणि पोटातून गल्ली, असा माझा संसार. शाळेची पोरं, बाळंतिणी, डबेवाल्या, सगळ्यांनी मला तुडवलं. मला त्याचा भारी तोरा होता.

मग नवे मॅनेजर आले. राज्यातल्या नावाजलेल्या ऑफिस-इमारती आणि त्यांच्याभोवतीच्या वस्त्या बघत एक समिती फिरत होती. बक्षिसासाठी माझी निवड व्हावी म्हणून त्यांनी मला नटवलं. नटवलं कसं, तर बोळाच्या मागच्या तोंडाला काचेचं दार बसवून कुलूप घातलं. गल्लीची वर्दळ बरी दिसत नाही म्हणे. किल्ली रखवालदाराला दिली आणि बजावलं, दार उघडलंस तर नोकरी गेली.

आता गंमत ऐका. गल्लीत इस्त्रीचं दुकान चालवणारी बाई म्हणजे या रखवालदाराची सासू. निम्म्या ऑफिसचे शर्ट तिच्याकडे. गठ्ठा डोक्यावर घेऊन तिला लांबचा वळसा पडू लागला. ती रोज दुखरे गुडघे ओढत काचेशी यायची आणि ऐकवायची, की मुलगी दिली तेव्हा जावयाचे दोन्ही हात धड होते. तो किल्ली खिशात आणखी खोल सारायचा. घरी बायकोने अबोला धरला होता.

माझंही बरं नव्हतं. वारा कोंडला, भिंतींना ओल धरली. वरून रंग फासला तरी कुबट वास जाईना.

समिती आली. त्यातल्या वयस्कर बाईंनी विचारलं, "हे दार कुठे जातं?"

"कुठेच नाही," मॅनेजर म्हणाले.

काचेपलीकडे सासूबाई उभ्याच होत्या. "कुठेच नाही? मग आम्ही काय हवेत राहतो? जावईबापू, तुम्हीच सांगा, तुमची सासुरवाडी कुठे आहे ते."

रखवालदाराने मॅनेजरांकडे एकदा पाहिलं आणि किल्ली काढली. "इथेच आहे, मामी," म्हणाला आणि दार उघडलं.

समितीची माणसं बोळातून गल्लीत गेली आणि मागे वळून मला बघत राहिली. माझी पाठ बघायला याआधी कुणी पाहुणा आला नव्हता.

निवड दुसऱ्याच इमारतीची झाली. मॅनेजरांनी रखवालदाराला घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ऑफिसचा एकही शर्ट घेतला नाही. जावई कामावर आला की इस्त्री तापेल, एवढाच निरोप वर पाठवला. आठवडाभर मोठमोठे साहेब चुरगळलेले बसले. मग एका संध्याकाळी मॅनेजर स्वतः बोळातून गेले, हातात आपला शर्ट घेऊन. सकाळी रखवालदार कामावर होता आणि काचेचं दार बिजागरीसकट काढलेलं होतं.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी असेल. तिची गळती वेळेवर बुजवा, भिंतींवर नावं खरडू नका, थुंकू तर मुळीच नका. पण जा-ये थांबवू नका. इकडे आलात तर माझ्या बोळातूनच जा. फक्त आधी पाय पुसा. मी कुणाला लाडावून ठेवलेलं नाही.