फोटोची चोळी

शामला दुपारची झोळीत निजली आणि आत्याबाई शेजारी वाती वळायला गेल्या, की घटकाभर घर माझं असतं. त्या घटकेत हे लिहितेय. रोज चार-पाच ओळी होतात, तोवर झोळी हलायला लागते. तरी लिहायचंच आहे. सोलापूरच्या महालिंगप्पांना त्या दिवशी 'तुमचे उपकार झाले' एवढंसुद्धा मी म्हणाले नाही. 

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, धुरपदाबाई. माहेर त्यांचं तुळजापूरजवळचं. सासरे गेल्यापासून त्या आमच्याजवळ अणदूरलाच असतात, कारण हे इथल्या शाळेत मास्तर आहेत.

शामला श्रावणात झाली. दिवाळीपासून मला खोकला लागला, तो हटेना. काढा झाला, ज्येष्ठमध झालं, छातीला तेल चोळून झालं. मनगटातल्या बांगड्या ढिल्या पडून कोपरापर्यंत जाऊ लागल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "एकदा छातीचा फोटो काढून आणा. सोलापूरला निघतो. जाताना अंगावर धातूचं काही ठेवू नका. हुक, बटण, पिन, काही नाही."

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? संध्याकाळी समोरच्या दगडाबाई येऊन बसल्याच.

"लेकुरवाळीचा फोटो काढतेत व्हय? त्या उजेडानं दूध नासतं म्हनतेत."

"दूध नासायला विरजण लागतं, मावशी," हे वह्या तपासता तपासता म्हणाले.

"हसा मास्तर, हसा. प्यायचंय त्या लेकराला."

मी हसले नाही. खरं तर मी दगडाबाईंच्याच बाजूची होते. ज्या उजेडाला कातड्याच्या आतलं दिसतं, तो आत जाऊन नुसता बघून माघारी येत असेल, हे मनाला पटेना. आणि हा उजेड जाणार होता तो नेमका छातीतून.

 दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याबाईंनी पेटीतला हिरवा खण काढला. माझ्या सगळ्या पोलक्यांना हुक होते, म्हणून त्यांनी दिवसभर उन्हात बसून हातानं गाठीची चोळी शिवली. अस्तर घातलं. टाके असे, की मुंगीला पाय ठेवायला जागा नाही.

"बघा," त्या ह्यांना म्हणाल्या, "हुक न्हाय, बटन न्हाय. ऐकलं का न्हाय तुमच्या डॉक्टरचं?"

चोळी घातली तेव्हा डाव्या खांद्याखाली काहीतरी जाड लागलं. नव्या चोळीचा जोड असेल, म्हणून मी सोडून दिलं. सांगून ठेवते ते एवढ्यासाठी, की पुढं जे झालं त्यात माझाही वाटा होता.

पौषातली थंडी होती. आमचा खंडोबा तेव्हा गावात नसतो, त्याचा मुक्काम नळदुर्गजवळ मैलारपूरला असतो. मोटार तिथून पुढं गेली तेव्हा आत्याबाईंनी मांडीवरच्या शामलासकट त्या दिशेला हात जोडले आणि माझ्याकडं बघून पुटपुटल्या, "असू दे. दुसरी सोय केलीय म्या." मला वाटलं, नवस बोलल्या असतील.

सोलापूरचा दवाखाना तसा लहानच. फोटोच्या खोलीत काळे पडदे होते. फोटो काढणारे महालिंगप्पा पन्नाशीचे असतील. कपाळाला विभूती, अंगात पांढरा कोट, बोलण्यात कानडी हेल. त्यांनी विचारलं, "धातूचं काही आहे का अंगावर?" मी मंगळसूत्र, कानातलं सगळं ह्यांच्या रुमालात बांधून दिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा गळा मोकळा झाला आणि कसंनुसं वाटलं. त्यांनी मला एका थंडगार फळीला छाती टेकवून उभं केलं. "श्वास घ्या. धरा. हलू नका." नेमकी तेव्हाच बाहेर शामला किंचाळली. पायांना काय होतं कोण जाणे, जागच्या जागी अंग वळलंच माझं.

"झालं," ते म्हणाले.

काहीच कळलं नाही. ना चटका, ना कळ. एवढ्याशासाठी मी चार दिवस जेवले नव्हते.

मग मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. काचेवर काळा फोटो लावलेला होता. माझ्या बरगड्या मीच पहिल्यांदा बघत होते. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, चिंचोक्याएवढा पांढुरका डाग.

"हा क्षयाचा असू शकतो," डॉक्टर म्हणाले. "असेलच असं म्हणत नाही. थुंकी तीनदा तपासू. पंधरा दिवसांनी दुसरा फोटो घेऊ. तोवर बाळाला अंगावर पाजायचं नाही, जवळ घेऊन निजायचं नाही. डाग तसाच राहिला, तर सहा महिने तरी सॅनेटोरियममध्ये राहावं लागेल."

"आणि ही?" मी शामलाकडं बघून विचारलं.

"तिला घरीच ठेवायचं."

परत येताना शामला पुढच्या बाकावर आत्याबाईंजवळ आणि मी मागं. ती त्यांच्या खांद्यावरून मला बघून हसत होती. दात नसलेलं ते हसू बघायचं, की तोंड फिरवायचं, मला ठरवता येईना.

पंधरा दिवस. आत्याबाई शामलाला घेऊन आतल्या खोलीत, मी ओसरीवर. बोंडल्यानं शेळीचं दूध पाजायच्या. ती आधी थुंकायची, फुरफुरायची, आणि मग रडायची. रडणं कानावर पडलं, की माझी चोळी दोन्हीकडून भिजून जायची. पिळून काढलेलं दूध मी तुळशीच्या मुळाशी ओतत असे. पहिल्या दिवसांत वाटी भरायची. मग अर्धी. आणि बाराव्या दिवशी शामला रडली, खूप रडली, आणि चोळी कोरडीच राहिली. डागाला मी भ्याले नव्हते एवढी त्या कोरड्या चोळीला भ्याले. बरी होऊन परत आले, तरी द्यायला काय उरेल माझ्याजवळ?

त्याच दिवशी टपालानं चिठ्ठी आली. थुंकी तिन्ही वेळा साफ.

"थुंकी म्हणते काही नाही, फोटो म्हणतो आहे," हे चिठ्ठी उलटसुलट करत म्हणाले. "कुणाचं खरं धरायचं?"

"मशीननंच डाग पाडला," आत्याबाई आतून म्हणाल्या. "जाताना पोरीची छाती चांगली होती."

"आई, मशीन डाग पाडत नाही."

"मग गप बसा."

पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. त्या दिवसांत त्या माझ्याशी फार जपून वागायच्या. भाकरीचा पापुद्रा काढून द्यायच्या, दारातून चार-चारदा डोकवायच्या. मी झोपलेय असं वाटून एकदा तिथंच उभ्या राहून डोळे पुसताना दिसल्या.

पंधराव्या दिवशी परत सोलापूर. आत्याबाईंनी ती खणाची चोळी स्वतः धुऊन, घडी करून पुढं केली. मीही निमूट घातली. फोटोची चोळी ती, फोटोलाच घालायची.

फोटोच्या खोलीच्या दारात मला राहवलं नाही. महालिंगप्पांना विचारलं, "पुन्हा ते किरण... दूध आटत चाललंय माझं. त्यानंच का?"

मला वाटलं, हसतील किंवा डाफरतील. ते खुर्ची ओढून समोर बसले.

"किरण अंगात राहत नाहीत, ताई. कंदील विझवला, की उजेड खोलीत साठून राहतो का? दुधाला काही होत नाही. पाजायचं थांबलं म्हणून आटतंय ते. पण म्हणून उगीचच घ्यावेत असेही नाहीत ते. मी दिवसभर काढतो, म्हणून शिशाच्या पत्र्यामागं उभा राहतो. तुम्हाला दुसऱ्यांदा द्यायचे, तर ते फुकट नाही गेले पाहिजेत. थांबा जरा."

उठून त्यांनी माझा जुना फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ. मान इकडं, मान तिकडं.

"तुम्ही हलला होता."

"बाळ रडलं होतं."

"हं. म्हणून बरगड्याही पुसट आल्यात. पण हा डाग मला काही बरोबर वाटत नाही. धातूचं काही नव्हतं?"

"नव्हतं."

"आजही नाही?"

"नाही."

त्यांनी फोटो खाली ठेवला. मग कोटाचं वरचं बटण सोडून आतून एक चांदीची डबी काढली. जाड दोऱ्यात, पेरूएवढी.

"हे माझं लिंग. आंघोळीलासुद्धा काढत नाही. आमची लिंगायत माणसं इथं फोटोला येतात. विचारलं, 'सगळं काढलं का?' म्हणतात, 'काढलं.' खोटं नाही बोलत. ही वस्तू आहे, हेच त्यांच्या मनात येत नाही, ते अंगच झालेलं असतं. मग फोटोत छातीवर हा एवढा गोळा! तेव्हापासून आमच्या माणसांना मी उलटं विचारतो. तुम्हाला विचारायचं सुचलं नाही, आज विचारतो." ते माझ्याकडं बघत होते, पण आवाज दारापर्यंत जाईल असा होता. "न काढायचं असं काय आहे अंगावर?"

"काही नाही," मी म्हणाले.

दारात शामलाला घेऊन आत्याबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"कवडी," त्या म्हणाल्या.

"काय?" मागून हे म्हणाले.

"तुळजाभवानीची कवडी. अस्तरात शिवलीय म्या, खांद्याखाली. देव गावात नव्हता, पोर त्या मशीनम्होरं उभी राहनार, कुनीतरी नको का सोबत?" आणि मग एकदम माझ्याकडं वळून, जवळजवळ भांडल्यासारख्या, "कवडी काय धातू हाय व्हय? धातू नको म्हनले, म्या धातू न्हाय घातला!"

मी खांद्याखाली हात नेला. ते जाड लागलेलं तिथंच होतं. कडक, लंबगोल.

ह्यांनी तोंड उघडलं होतं. आईला काय काय ऐकवलं असतं, देव जाणे. पण महालिंगप्पांनी हात वर केला.

"मास्तर, थांबा. आई, कवडी धातू नाहीच. सांगितलं होतं तसंच तुम्ही केलंत. ती हाडासारखी दिसते फोटोत, हे तुम्हाला कुणी सांगायचं? मी. आणि ह्या हलल्यानं तिची दातेरी कडही पुसली गेली. नाहीतर मीच ओळखली असती."

आत्याबाई मटकन बाकावर बसल्या. "माज्या हातानं," एवढंच म्हणाल्या, "माज्या हातानं लेकराचं तोंड बांधलं म्या."

मी त्यांच्याजवळ बसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांना चिकटून. राग यायला हवा होता, पण आला नाही. मला एवढंच दिसत होतं, की उन्हात बसून, डोळे बारीक करून, एक म्हातारं माणूस माझ्या छातीवर पहारा शिवतंय.

"उसवा, आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी दातानं टाके तोडले. कवडी हातात आली. पाठ घासलेली, पिवळट, माळेतली. ती आता कुठं ठेवावी, ह्याचा त्यांना प्रश्न पडला.

"त्यांच्याच हातात द्या," महालिंगप्पा म्हणाले. "आमची माणसं लिंग मुठीत धरून उभी राहतात. हात कमरेवर असतो, फोटोत येत नाही. देवही जवळ, छातीही मोकळी."

पुन्हा ती थंड फळी. डाव्या मुठीत कवडी. "श्वास घ्या. धरा." बाहेर शामला गप्प होती, आत्याबाईंनी तिच्या तोंडात स्वतःचं बोट दिलं होतं, असं मागाहून कळलं.

फोटो वाळेपर्यंत आम्ही चौघं एका बाकावर बसलो. हे माझ्या मंगळसूत्राचा रुमाल गुंडाळत आणि सोडत होते. 

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. जुन्यात डाग. नव्यात त्या जागी नुसती बरगडी आणि तिच्यामागं काळोख, स्वच्छ. त्यांनी पुन्हा नळी लावून पाठ ऐकली, पुढून ऐकली.

"जुना खोकला आहे, औषधानं जाईल. क्षय नाही." मग फोटो उतरवत म्हणाले, "बाळाला पाजा."

मी बाहेरच्या बाकावरच बसले. घरापर्यंत कुणाला दम होता? आत्याबाई पदर पसरून आडोशाला उभ्या राहिल्या. शामलानं आधी तोंड फिरवलं. बोंडल्याची सवय लागलेली. मी पुन्हा जवळ घेतलं. ती रडली, पाठ ताणून मागं झाली. "कर, कर माज्यावर राग," आत्याबाई पदराआडून तिला म्हणत होत्या, "आईवर नगो गं माय." तिसऱ्यांदा तिनं वास घेतला. नाक घासलं. आणि धरलं.

आधी नुसतंच ओढत होती. काही येत नव्हतं, मला कळत होतं. मी डोळे मिटून बसले. आत महालिंगप्पा पुढच्या माणसाशी बोलत होते. "श्वास घ्या" म्हणायच्या आधी त्यांचा हेल काढलेला प्रश्न बाहेर ऐकू आला, "न काढायचं असं काय आहे अंगावर, मालक?" आत जाताना मी त्याला पाहिलं होतं, फेटा बांधलेला कुणी शेतकरी, गळ्यात लिंग नव्हे, तुळशीची माळ. म्हणजे आता ते सगळ्यांनाच विचारत होते.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूला काहीतरी ऊबदार लागलं. मी खाली बघितलं. हिरवा खण भिजला होता.

"आत्याबाई," मी म्हणाले, "बघा."

त्यांनी बघितलं. डोळे पुसायला पदराचं एक टोक त्यांनी सोडलं, आणि ह्यांनी उठून ते धरलं.