दिवेलागणीला कण्हणारी गिटार

भवानी पेठेतल्या त्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. मंडप गणपतीचा, पण गणपतीकडे बघतंय कोण? सगळ्यांच्या माना स्टेजच्या डाव्या कोपऱ्याकडे. तिथे लाकडी खुर्चीवर एक तांबडी विजेची गिटार उभी केलेली, गळ्यात झेंडूचा हार. तिच्या आसपास एक माणूस नाही, तरी मंडपाच्या दोन्ही भोंग्यांतून आवाज येत होता. हूंऽऽ… हूंऽऽ… मरणाच्या दुखण्यात माणसानं कण्हावं तसा.

"शिवपुत्रच हाय ह्यो," पुढची बाई तोंडाला पदर लावून म्हणाली. "काविळीत असाच कण्हायचा की!"

"दिवेलागण झाली की येतोय बघा. चार दिवस झाले, एक दिवस चुकला न्हाय."

एवढ्यात गर्दी दुभंगली आणि वैरागचे जोतीरामबुवा आले. भगवी कफनी, खांद्यावर जरीची शाल, दोन्ही हातांत मिळून सात अंगठ्या. बुवा होण्याआधी हे गृहस्थ तंबूच्या सिनेमात मशीन चालवायचे. पण ते आता काढायचं नसतं.

"जिवाला चौऱ्याऐंशी लक्ष योनी!" बुवा गरजले. "शिवपुत्राचा जीव त्याच्याबी पुढच्या योनीत अडकलाय. ईजयोनी! तारंत शिरलाय बिचारा. दुसऱ्या कुणी हात लावला तर जागेवर रक्त ओकंल!"

चौऱ्याऐंशी लाखांवर आणखी एक योनी ह्या बाबानं पदरची घातली, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बुवा, ही कोणत्या पोथीत आहे?

बुवांनी शाल पुढे ओढून तळहात गिटारीच्या पोटावर ठेवला. "बोल लेकरा. आजारानं गेलास?" हूंऽऽ चालूच. "देवाच्या इच्छेनं गेलास?" हूंऽऽ. बुवांनी आवाज खाली आणला. "बायकोनं काय पाजलं तुला?"

आणि कण्हणं थांबलं. एकदम, गळा दाबल्यासारखं.

"गप झाला! कबूल झाला!" बोळभर कालवा उठला. भिंतीला टेकून उभी असलेली दानम्मा, शिवपुत्राची बायको, मटकन खाली बसली. तिच्या कडेवरच्या चार वर्षांच्या पोरीला दिरानं, रुद्रप्पानं, ओढून घेतलं.

बुवांनी शालीखालून हात काढून घेतला तसं कण्हणं पुन्हा सुरू झालं, आणि त्यांनी निकाल दिला. उद्या दिवेलागणीला दानम्मानं नवऱ्याला विष घातल्याचं चारचौघांत कबूल करायचं, 'मीच इस पाजलं.' मग अक्कलकोटकडे माहेरी जायचं ते कायमचं. पोर सासरी राहील. नाहीतर ह्या बोळातून आणखी तीन तिरड्या निघतील. रुद्रप्पा यंत्रमागावरचा साधा माणूस, वाईट नव्हता, पण त्यानं भिऊन मान डोलावली.

मागे जिन्याच्या पायरीवर प्रेमला उभी होती. दानम्माच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचं डोकं संतापानं भणभणत होतं, कारण तिला सगळं ठाऊक होतं. मार्चमध्ये शिवपुत्राचे डोळे पिवळे झाले तेव्हा ह्याच बुवानं त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली होती. माळ लांबली की कावीळ उतरली म्हणे! मुळीचा रस पाजला आणि बजावलं, 'दवाखान्यात सुई टोचली तर जीव जाईल.' वीस दिवस तो खाटेवर कण्हला आणि गेला. तेव्हापासून दानम्मा नळावर, दळणाला, दिसेल त्याला सांगत होती, "बुवानं घालवला माझा माणूस." बुवाला हिचं तोंड बंद करायचं होतं. ते काम त्यानं गिटारीकडून करून घ्यायचं ठरवलं, एवढंच.

बोळाच्या ऑर्केस्ट्रात शिवपुत्र गिटार वाजवायचा आणि रात्री घरी बायकोला शिकवायचा. यंदा पोरांनी दानम्मालाच वाजवायला बसवलं. घरच्या, आवाज वाढवायच्या लहान पेटीवर तिची गिटार कशी खणखणीत वाजायची! मंडपात मात्र पहिल्याच संध्याकाळी गिटारीचा आवाज बोथट झाला, तोंडात घास धरून बोलावं तसा. मग दिवे लागले आणि ती कण्हायला लागली. दानम्मानं दचकून ती खुर्चीवर ठेवली, तेव्हापासून बुवांनी कुणालाच तिला हात लावू दिला नव्हता.

हे सगळं खरं. पण कण्हत होतं कोण? प्रेमलाला काही ते सुचेना. गणपतीभोवतीच्या दिव्यांच्या माळांकडे ती नुसती बघत राहिली. माळा उघडझाप करत होत्या. लागल्या, विझल्या. हूंऽऽ… हूंऽऽ… लागल्या की आवाज चढायचा, विझल्या की उतरायचा.

प्रेमला पायरीवरून ताडकन उतरली. असला आवाज तिनं कानाला हेडफोन लावून शंभरदा ऐकला होता. टेलिफोनची तार विजेच्या तारेजवळून गेली की लाइनवर असाच हूं यायचा, आणि आत कुणीही मेलेलं नसायचं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती भल्या सकाळी महिपतीच्या दुकानात गेली. मंडप आणि लाउडस्पीकरचं कंत्राट त्याचं.

"अॅम्प्लिफायर कुठे ठेवलाय?"

"हितं दुकानात की. गर्दीत कोण पाणी सांडंल, कोण उचलून नेईल. गिटारची वायर हितनं मंडपापत्तुर टाकली. दीडशे फूट हाय!" महिपती अभिमानानं म्हणाला. "शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमधनं मंडपाच्या लाइटीची वायर आलीया, तीबी संगंच नेली."

प्रेमलानं वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. महिपतीनं वीस वर्षं मागावर काढलेली. सुटा लोंबणारा धागा त्याला बघवायचा नाही. त्यानं गिटारीची साधी दोनतारी वायर आणि लाइटीची वायर एकमेकींत वळून, पीळ घालून, सुतळीसारखा एक दोर केला होता. दीडशे फूट, कुठे ढिला नाही. काम बघून कुणीही शाबासकी दिली असती.

"महिपती, संध्याकाळी मी हाक मारली की शेडमधला लाइटीचा मेन स्विच बंद करायचा."

महिपतीचा चेहरा उतरला. "बुवांच्या आड कुटं येता ताई? माजी बी लेकरं हायत."

"दानम्माला पण एक आहे."

तो पाठ फिरवून तारा गुंडाळू लागला.

दुपारी ती दानम्माच्या खोलीत गेली. रुद्रप्पानं गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं. प्रेमलानं तारांचं सगळं सांगितलं. दानम्मा ऐकून घेऊन म्हणाली, "अक्का, त्यो आवाज बंद करू नका."

"अगं, काय बोलतेस?"

"कण्हतोय, तरी हाय की. पाच महिन्यांनी ऐकला मी त्याला. तुमी म्हणताय ती वायर असली, तर मग त्यो कुटंच न्हाय."

प्रेमलाला वाटलं होतं, आपण सुटका घेऊन आलोय. ह्या बाईचं उरलंसुरलं आपणच काढून घेतोय की काय?

मग दानम्माच बोलली. "पण अक्का, त्यो माज्याबद्दल खोटं बोलणार न्हाय. मेला तरी न्हाय. मग ह्यो त्यो नसंल." तिनं डोळे पुसले. "बघा तुमी. काय ते बघा."

संध्याकाळी बोळ ठेचून भरला. पेठेबाहेरूनही माणसं आली होती. दिवे लागले, माळा उघडझाप करू लागल्या आणि भोंगे कण्हू लागले. बुवांनी दानम्माला खुणेनं पुढे बोलावलं.

"म्हण, मीच इस पाजलं."

"थांबा," प्रेमला स्टेजवर चढली. ती शेडच्या दिशेनं ओरडली. "महिपती! स्विच बंद करा!"

काहीच झालं नाही. दिवे लागलेलेच. गर्दीतून कुणी शीळ घातली.

"बाई, खाली उतरा!"

"महिपतीऽऽ!"

बुवा हसले. "महिपती शहाणा हाय. तुमी बी..." आणि तेवढ्यात मंडपातले सगळे दिवे गेले. कण्हणंही गेलं. संधिप्रकाशात माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली.

"लावा आता!"

दिवे आले. हूंऽऽ. "बंद!" गप्प. "लावा!" हूंऽऽ. तिसऱ्या खेपेला पुढच्या दोघीतिघी हसल्या सुद्धा.

"आत्मा दिव्यावरच येतो, शास्त्र हाय!" बुवांनी पटकन सावरलं.

"मग दिवे चालूच ठेवू," प्रेमला म्हणाली. ऑर्केस्ट्राच्या दोघांनी दुकानातला अॅम्प्लिफायर उचलून स्टेजवर आणला. दानम्मानं घरची चार हात वायर दिली. गिटार जोडली. दिवे झगझगत होते, माळा उघडझाप करत होत्या आणि भोंग्यांतून काही म्हणजे काही येत नव्हतं. "दानम्मा, वाजव."

रक्त ओकायचं ते ओकू दे, अशा चेहऱ्यानं दानम्मानं तार छेडली. खणखणीत, काचेसारखा स्वच्छ सूर बोळाच्या टोकापर्यंत गेला. रुद्रप्पा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"ऐकलंत?" प्रेमला म्हणाली. "गिटारीतून निघणारी वीज अगदी नाजूक असते. तिला दीडशे फूट साध्या तारेतून ओढलं की वरचे बारीक सूर वाटेतच मरतात, आणि शेजारच्या लाइटीची घरघर आत शिरते. महिपतीनं दोन्ही वायरींना पीळ घातला, म्हणून जास्तच शिरली. ट्रंक कॉलला वाटेत आवाज वाढवणारी यंत्रं उगीच नाही बसवत. अॅम्प्लिफायर गिटारीजवळ ठेवा, आवाज आधी मोठा करा, मग भोंग्यांना न्या कितीही लांब. एवढंच आहे हे. तारेत कुणी अडकलेलं नाही."

"मी चार दिवस शांत केला, म्हणून सुटला त्यो!" बुवांचा घाम मात्र शालीवर ठिबकत होता.

"असं?" प्रेमलानं पोरांना खूण केली. अॅम्प्लिफायर परत दुकानात गेला, लांब वायर पुन्हा जोडली, भोंगे पुन्हा कण्हू लागले. "करा आता शांत. दिवे चालू आहेत."

सगळा बोळ बुवांकडे बघत होता. पळायला वाट नव्हती. त्यांनी शाल ओढून हात ठेवला आणि कण्हणं थांबलं. गर्दीत पुन्हा चुळबुळ झाली. हात जोडले जाऊ लागले. प्रेमला अडली, कारण तिला गिटारीतलं काही कळत नव्हतं.

कळत होतं ते दानम्माला. ती पुढे झाली आणि तिनं एका झटक्यात शाल ओढली. बुवांचा तळहात लाकडावर होता आणि करंगळी एका पांढऱ्या चाकावर.

"अय्यो! आवाजाचं चाक हाय की ह्ये!" दानम्मा ओरडली. "ह्येच तर मला त्यानं पयल्या दिवशी शिकवलं!" तिनं बुवांचा हात बाजूला सारला. चाक फिरवलं, हूंऽऽ. उलटं फिरवलं, गप्प.

मग तिनं चाक पुन्हा चढवलं आणि भोंगे कण्हत असताना मोठ्यानं विचारलं, "सांगा धनी, तुमाला जोतीरामबुवानं मारलं?"

आणि कण्हणं थांबलं.

मग मागून कुणी ओरडलं, "कबूल झाला! धरा त्या बुवाला!" चारपाच जण बाह्या सरसावून स्टेजकडे धावले.

"न्हाय!" दानम्मा हात आडवे करून उभी राहिली. "ह्यात त्यो न्हाय. मी चाक फिरवलं. काल तुमी बुवाच्या चाकावर मला खुनी ठरवलं, आज माज्या चाकावर ह्याला मारणार? डोकं कुटं ठेवलंय तुमी?" तिनं आपल्या दाराकडे बोट केलं. "वीस दिवस माजा माणूस त्या खोलीत कण्हत होता. खराखुरा. भिंतीपल्याड तुमी सगळे होता. एकानं म्हणलं न्हाय, की चला, गाडी आणतो, सिव्हिलला नेऊ. मी बी माळच बघत बसले. आणि वायर कण्हली तर सगळा गाव हात जोडून आला!"

धावलेले थांबले. त्या गोंधळात बुवा कधी निसटले ते कुणाला कळलं नाही. पोलिसांत तक्रार दुसऱ्या दिवशी झाली, ती प्रेमलानं लिहिली आणि पहिली सही दानम्मानं केली. त्या संध्याकाळी मात्र रुद्रप्पानं पोरीला वहिनीच्या कडेवर दिलं आणि खाली मान घालून गाठोडं सोडायला घरात गेला.

मंडळी, जे गप्प होतं ते कबूल होत नाही, आणि जे आपल्याला कळलं नाही ते लगेच भूत होत नाही. तार कुठून आली, चाकावर बोट कुणाचं, हे आधी बघावं. विचारलं म्हणून कुणी रक्त ओकत नाही. न विचारल्यानं मात्र माणसं जातात.

गर्दी पांगत असताना पुढच्या रांगेतली एक म्हातारी, रंभाबाई, तिथेच उभी राहिली. चारही दिवस तीच सगळ्यात पुढे हात जोडून असायची. ती प्रेमलाजवळ आली.

"बाई, सुनंचे डोळे पिवळे झाल्यात. सा दिवस झाले. बुवानं माळ घातलीया." तिनं प्रेमलाचा हात घट्ट धरला. "सिव्हिलला आत्ता गेलं तर घेतील का?"

"घेतील," दानम्माच म्हणाली. पोरीला कडेवर सावरत ती स्टेजवरून उतरली. "चला मावशी. कुटं हाय सून?"