मागची बैठक

आमच्या घरात अंगाने बारीक असं कुणी निपजलंच नाही. वडील दारात उभे राहिले की खोलीतला उजेड कमी व्हायचा. आई लग्नात सडपातळ होती म्हणे, पण त्याला पुरावा म्हणून कुणी कधी फोटो दाखवला नाही. दादा वडिलांवर गेला आणि मी दादावर. लहानपणी त्याने माझं नाव 'गोणी' ठेवलं, ते केस पिकले तरी चालूच आहे. हा स्वतः दोन गोण्यांचा ऐवज, पण आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही त्याची जुनी खोड.

आमचे वडील समोरच्या बेटावरच्या दीपगृहाला होडीने सामान पोचवायचे. सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघांना पिठाच्या पोत्यांमध्ये बसवून न्यायचे. वडील गेले, पाठोपाठ दीपगृहही आपोआप चालायला लागलं आणि त्यांची होडी कुणी विकत घेतली ते आता आठवतही नाही. पण बेट समोर दिसत राहिलं. मग एके वर्षी दादाने कुठूनशी जुनी, दोघांनी बसायची समुद्री कयाक आणली. लांबलचक, बंदिस्त, वरून दोन तोंडं असलेली. त्या तोंडातून पाय आत सरकवायचे आणि बुडाशी असलेल्या आसनावर टेकायचं. पुढे मी, मागे तो. मागच्याने पायांनी सुकाणू सांभाळायचं आणि तोंडाने मला शिव्या घालायच्या.

तेव्हापासून हवा बरी असली की रविवारी आम्ही बेटावर. तिथे जाऊन काही मोठं करायचो असं नाही. डबा खायचा, वडील जिथे होडी ओढून ठेवायचे त्या वाळूत आडवं व्हायचं आणि त्यांच्या त्याच त्या चार गोष्टी पुन्हा एकमेकांना सांगायच्या. पण माझा सगळा आठवडा त्या रविवारच्या आशेवर निघायचा. जमिनीवर मला सारखं कुणी ना कुणी 'जरा सरकता का' म्हणत असतं. समुद्राने मला कधी सरकायला सांगितलं नाही.

या हिवाळ्यातल्या वादळात शेडचं छत कयाकवर पडलं आणि ती मधोमध तडकली. दादाने तडा बोटाने चाचपला आणि म्हणाला, झालं, संपलं. तसेही माझे पाय आता होडीत साथ देत नाहीत, तू तुझ्यापुरती एकटीची घे. एवढं बोलून तो घरात गेला आणि खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसला. पुढचे कितीतरी रविवार तो तिथेच बसलेला होता. वहिनी म्हणाली, डॉक्टरांना पायात काहीच सापडलं नाही, पण यांनी मनानेच ठरवून टाकलंय की आपलं वय झालं. मला भयंकर राग आला. पण राग काढायचा कुणावर? म्हणून मी कयाकच्या दुकानात गेले.

मी शिवणकाम करते. इस्पितळातल्या, शाळेतल्या, हॉटेलातल्या लोकांचे गणवेश शिवायचं माझं दुकान आहे. आयुष्यभर लोकांच्या कमरेभोवती टेप फिरवली, तेव्हा माप या विषयावर मला कुणी शिकवू नये. पण दुकानातला विक्रेता हा शेवग्याच्या शेंगेसारखा मुलगा, आणि त्याला शिकवायची फार हौस. त्याने कयाक गालिच्यावर मांडल्या होत्या. म्हणाला, काकू, बसून बघा. पहिलीत मी बसूच शकले नाही. दुसरीत बसले, पण उठले तेव्हा कयाकही माझ्याबरोबर उठली. तो आणि त्याचा मालक दोन्ही बाजूंनी ओढत होते आणि मी मधे उभी, कमरेला होडी नेसून.

"ही साधारण बांध्याच्या माणसांसाठी आहे, काकू," तो म्हणाला.

"हा साधारण बांध्याचा माणूस राहतो कुठे? मला एकदा भेटव त्याला," मी म्हणाले.

तिसरी रुंद होती म्हणे. तोंड रुंद होतं खरं, पण आसनाच्या दोन्ही कडा मांड्यांत अशा रुतल्या की तो रंगांची माहिती सांगेपर्यंत माझे पाय बधिर झाले. मला काही कळेना. इतकी वर्षं मी कयाकमध्ये बसत आले आणि मला कधी काही टोचलं नव्हतं. म्हणजे एका हिवाळ्यात मी एवढी फुगले? घरी येताना बसमध्ये मी दोन जागांच्या बाकावर अंग चोरून बसले. मला माझ्या देहाचा राग अनेकदा आला होता, पण लाज कितीतरी वर्षांनी वाटली.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन शेडमध्ये गेले. जुन्या आसनाचं माप घ्यायचं आणि त्या शेंगेच्या तोंडावर मारायचं, असा बेत होता. पुढचं आसन सोडवून उजेडात धरलं आणि बघतच राहिले. त्याच्या दोन्ही कडा करवतीने कापलेल्या होत्या. कापलेला भाग कानशीने घासून गुळगुळीत केला होता आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं होतं. पाठीचा टेकाही खाली आणून दुसरीकडे भोकं पाडून बसवला होता.

ही चोरी मी ओळखणार नाही तर कोण? गिऱ्हाईक अंगाने भरलं की मी हेच करते. गुपचूप शिवण उसवते, आतलं राखून ठेवलेलं कापड सोडते आणि देताना म्हणते, इस्त्री केल्यावर जरा सैल वाटेल हं. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्याला वाटतं, आपण आहोत तेवढेच आहोत.

मग मागचं आसन काढलं. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. कारखान्यातून आलं तसंच, दुकानातल्या त्या तिसऱ्या कयाकइतकंच अरुंद. आणि दादा माझ्यापेक्षा चांगला वीतभर रुंद आहे.

बेटावर उतरल्यावर दादा नेहमी एक नक्कल करायचा. कयाकमधून वाळूत कोसळायचा, चार पायांवर रांगायचा आणि ओरडायचा, 'गोणे, म्हातारा झालो गं मी.' तेव्हा तो तिशीतही नव्हता. मी पोट धरधरून हसायचे. मग तो तसाच वाळूत पडून राहायचा, बराच वेळ. शेडमध्ये ती दोन आसनं मांडीवर घेऊन मी बसले आणि मला रडू आवरेना.

तशीच उठून त्याच्याकडे गेले. तो खिडकीत वर्तमानपत्र वाचत होता, वहिनी इस्त्री करत होती. दोन्ही आसनं मी त्याच्या वर्तमानपत्रावर ठेवली. त्याने आधी उडवाउडवी केली. आसन तडकलं होतं, म्हणून कापलं, वगैरे. मी हलले नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू बसली असतीस?" तो खाली बघत म्हणाला. "पहिल्या दिवशी आलीस, कयाकचं तोंड बघितलंस आणि म्हणालीस, मला समुद्र आवडत नाही. तुला समुद्र आवडत नाही! त्या वर्षी तू खोलीतल्या आरशावर टॉवेल टाकून ठेवायचीस. मी म्हटलं, हिला आता आणखी एक आरसा नको."

मला तो टॉवेल आठवत होता. त्याला आठवत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"मग स्वतःचं का नाही कापलंस?"

"माझं राहून गेलं."

"यांचं सगळंच राहून जातं," वहिनी म्हणाली आणि इस्त्री उभी करून आत निघून गेली.

मी गळ्यातली टेप काढली आणि त्याला उभं राहायला सांगितलं. दादाने आजवर कुणाला माप घेऊ दिलं नाही. तयार शर्ट घेतो, तोही एक नंबर लहान, आणि खालचं बटण उघडं ठेवून ते फॅशन म्हणून खपवतो. पाय गेलेत माझे, कशाला हे सगळं, असं म्हणत होता. मी म्हणाले, पाय जागेवर आहेत, होडी बदलायची आहे. हात वर कर. त्याने केले. माझे हात एका फेरीत पुरले नाहीत, टेप मागून पुढे घ्यायला त्याच्याभोवती फिरावं लागलं. मी थट्टा केली नाही. त्यानेही नाही.

खाडीच्या टोकाला कयाक भाड्याने देणारी एक बाई आहे. स्वतः ऐसपैस. तिच्याकडे गालिचा नाही, गुडघाभर पाणी आहे, तिथेच बसून बघायचं. पुढचे काही रविवार आमचे त्यातच गेले. एक कयाक इतकी रुंद की वल्हं तिच्याच अंगावर आपटायचं. एकीत दादा बसला आणि काठ पाण्याला टेकला, तर म्हणाला, हिला घरी आंघोळीला ठेवू. शेवटी रुंद पोटाच्या, लांब तोंडाच्या, वजन भरपूर पेलणाऱ्या दोन मिळाल्या. एकेकट्याच्या. आसनांच्या कडा मात्र त्याही टोचत होत्या. बाईची परवानगी काढून मी करवत घेतली. माझं आसन कापायला दादा पुढे झाला, तर त्याला म्हटलं, आधी तुझं. तो बसून बघायचा, मी घासायचे, पुन्हा बसायचा. अगदी अंगावरचा कपडा बेतावा तसं केलं.

निघालो त्या दिवशी हवा स्वच्छ होती. त्याने माझी कयाक ढकलून दिली आणि मग आपल्या कयाकमध्ये बसला. थोड्या वेळात तो माझ्याजवळून पुढे निघून गेला.

आयुष्यभर मी पुढे बसले होते. त्याच्या वल्ह्याचा आवाज मला पाठ होता, पण त्याला वल्हवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. तो डावा खांदा जरासा खाली सोडायचा. प्रत्येक झोक्याच्या शेवटी क्षणभर थांबायचा आणि मग वल्हं उचलायचा. पिठाच्या पोत्यांमध्ये बसून मी हेच तर बघत आले होते. तीच रुंद पाठ, तोच खांदा, तेच थांबणं. वडील माझ्यापुढे बेटाकडे चालले होते.

माझं वल्हं मांडीवर पडून राहिलं.

"गोणे, दमलीस का?" तो मागे न बघता ओरडला. "थांबू?"

"नको," मी कसंबसं म्हटलं. "तू पुढेच राहा."