कोपऱ्यातल्या मशीनवरची खूण

"नवऱ्यामुलाच्या शेजारी ह्ये इमान कसलं रे?" हैबतीमामांनी विचारलं.

सुधीरने पडद्याकडे पाहिलं. मुंबईच्या पाहुण्यांनी मुलाचा फोटो सुधीरच्या सायबर कॅफेच्या मेलवर पाठवला होता. तो बघायला मामा वरंधच्या वरल्या वाडीतून महाडला आले होते. फोटोच्या बाजूला जाहिरात होती. पांढऱ्या कपड्यातली नर्स, मागे विमान.

"जाहिरात आहे, मामा. सगळ्यांनाच दिसते."

"नर्सचीच?"

सुधीरने फोटो मोठा करून जाहिरात झाकली. मामांची मुलगी अपेक्षा महाडातच एका दवाखान्यात नर्स होती. दर रविवारी ड्यूटी सुटली की ती याच मशीनवर दुबईतल्या नोकऱ्या शोधायची. घरी कळू देऊ नका, एवढंच तिचं मागणं होतं, आणि त्याने ते पाळलं होतं.

पुढच्या रविवारी ती आली ती बसलीच नाही.

"तुम्ही बाबांना सांगितलंत, दादा?"

"नाही गं."

"मग ते विमानाचं कशाला विचारत होते?"

सुधीरने तिला कसंबसं समजावलं. आपण ज्या साइट बघतो तिथले जाहिरातवाले मशीनवर एक खूण ठेवतात, तिला कुकी म्हणतात. नंतर खुर्चीवर कुणीही बसो, ती खूण बघून ते तशाच जाहिराती दाखवतात.

"म्हणजे मी उठून गेले तरी माझं सगळं इथेच?"

सुधीरची नजर मशीनभोवतीच्या पडद्यांवर गेली. दुकान टाकलं तेव्हा त्याने प्रत्येक मशीनला हौसेने पडदा शिवून घेतला होता. गिऱ्हाइकाच्या मागे तो कधी उभा राहिला नव्हता. तेवढ्याने भागतं, असं त्याला वाटत आलं होतं.

ती गेल्यावर त्याने शटर अर्धं ओढलं आणि एकेक मशीन घेतलं. जाहिरातवाल्यांच्या कुकीज अडवल्या. ब्राउझर बंद केला की उरलेल्या आपोआप पुसल्या जातील, अशी सोय केली. दुसऱ्या दिवसापासून लोक कुरकुरू लागले. पासवर्ड दरवेळी नव्याने टाकावा लागत होता.

"टाका की," तो म्हणायचा.

मे सरत आला तेव्हा मामा पुन्हा आले. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"मुंबईला कळव. पोरगी एवढ्यात द्यायची नाय."

"कारण काय लिहू?"

"लिव, तिला काम लागलंय. लांब."

सुधीरचा हात कीबोर्डवरच राहिला. "तिने सांगितलं?"

"ती कुटं सांगतेय. मीच इचारलं, तवा रडली. मंग म्हनाली, जाऊ का? आता रडत्या पोरीला काय नाय म्हनायचं."

मेल गेला. "पोचला?" मामांनी विचारलं.

"पोचला."

तरी ते उठले नाहीत.

"तिकडं पाऊस पडतो का रे?"

"फारसा नाही, मामा. वाळवंट आहे."

मामांनी मांडीवरचा कागद सोडला. आत नवी छत्री होती, बायकांची, फुलाफुलांची. "आत्ताच बाजारात घेतली. पावसाळा आला म्हनून हात गेला."

"परत घेतील. मी येऊ का बरोबर?"

"नको. ऱ्हाऊ दे."

त्यांनी छत्री पुन्हा नीट गुंडाळली, काखेत मारली आणि रणरणत्या उन्हात वरंधच्या गाडीकडे निघाले.