टोपीतली शेवटची ओळ

नेरेइदाबाईंना मी स्पष्ट सांगितलं होतं, बाकीच्या शाळा करतात तसं करा. कविता आपणच रचा, पोरांकडून घोटून घ्या. स्पर्धेत टोपीतून शेवटची ओळ कसलीही निघाली तरी मागे चिकटवता येते. पण बाई ऐकतील तर शपथ. "चेमाकाका, तुम्ही आपलं क्वात्रो वाजवा," म्हणाल्या. क्वात्रो म्हणजे आमचं गिटारसारखं तंतुवाद्य; मंचावर पोरांच्या साथीला मीच असतो. त्यांच्या शनिवारच्या कवितेच्या वर्गाला एकच नियम होता: जे पाहिलं नाही ते रचायचं नाही.

मुख्याध्यापक ओकासिओंनी तर सुनावलंच होतं. यंदा आपल्या एकाही पोरानं मंचावर कविता पुरी केली नाही, तर वर्ग बंद आणि खोली बेसबॉलच्या सामानाला.

आणि स्पर्धेच्या दिवशी चौकातल्या मंचावर आमची दोन पोरं आधीच गळपटली होती. उरली यारेलिस, सहावीतली. वादळानंतर तिची आई कामासाठी समुद्रापलीकडे ओरलँडोला गेली ती गेलीच. पोर राहते आजीजवळ.

परीक्षकानं टोपीतून चिठ्ठी काढून वाचली: "उद्या आई घरी येते."

नऊ ओळी उभ्या उभ्या रचायच्या, यमक सांभाळायचं आणि दहावी ही, जशीच्या तशी. पुढच्याच रांगेत तिची आजी, तोमासाबाई, पर्स घट्ट धरून बसली होती.

गाणाऱ्याची तयारी नसेल तर वाजवणारा मधली धून परत घेतो, तसा आमच्यात रिवाज आहे. मी घेतली. पोर आजीकडे बघत होती. पुन्हा घेतली. परीक्षकानं डोळे वटारले. वटार बाबा, म्हटलं मनात, आणि मान खाली घालून आणखी एकदा घेतली. घामानं बोटं तारांवरून निसटत होती.

मंचाखाली ओकासिओ बाईंना म्हणाले, "झालं ना समाधान?"

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

मला राहवेना. वाजवता वाजवता पुटपुटलो, "अगं, लाव काहीतरी गोड. विमान, फुलं, मिठी. लोकांना तेच आवडतं."

"पण ते खरं नाही ना, काका," ती म्हणाली.

आणि तिनं सुरुवात केली. तुरीच्या दाण्यांचा भात आला, चुलीवरचं पातेलं आलं, खिडकीजवळची रिकामी खुर्ची आली. तिचा आवाज जराही कापला नाही. मग शेवटच्या चार ओळी आल्या:

"रोज आजी भात देते,
तीन ताटं, एक उरे;
म्हणे मला, 'थांब बरे,
उद्या आई घरी येते.'"

टाळ्या जरा उशिरानंच सुरू झाल्या. ओकासिओ चष्मा पुसत म्हणाले, "खोलीची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, बाई." बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या तोमासाबाईकडे बघत होत्या.

म्हातारी उठून मंचाशी आली. "तुला माहीत होतं, ती येत नाही ते?"

"हो."

"कधीपासून गं?"

"पहिल्यापासूनच. पण तसं म्हटलं की तुला बरं वाटायचं."

पुढच्या शाळेचं पोर वर येऊन उभं होतं, परीक्षक खुणा करत होता. मी मात्र मधली धून परत घेतली.